दुसऱ्यांदा आलेली कावीळ

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा-नावे, तेरीज आणि ताळेबंद यांपलीकडे माझी विद्या जात नाही. शालेय शिक्षण सगळे मराठी माध्यमातून झाले, कन्नड गल्लीत खेळता खेळता आले, आणि इंग्रजी अजून शिकतोच आहे. तेव्हा वैद्यकासारख्या विषयावर मी लेखणी उचलावी याचे प्राध्यापकवर्गाला हसू आले, तर त्यात त्यांचा दोष नाही. पण आमच्या नात्यातल्या एका घराने गेल्या आठ वर्षांत जे भोगले ते पाहिल्यावर गप्प बसवत नाही. शिवाय हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. तो शिक्षकांचा आहे, आईबापांचा आहे आणि उद्या संसार थाटणाऱ्या आपणा सर्वांचाही आहे.

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात माझी मावशी राहते. तिचा थोरला मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. खेड्यात कावीळ म्हटली की पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या गावात माळ देणारा एक म्हातारा होता. त्याने मंतरलेली माळ मुलाच्या डोक्यावर ठेवली आणि तेल-तिखटाचे पथ्य सांगितले. माळ वाढत वाढत गळ्यात उतरली, डोळे पांढरे झाले, आणि कावीळ उतरली असे ठरले. म्हाताऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. लहान मुलांची बहुतेक कावीळ दूषित अन्नपाण्यातून होते आणि काही आठवड्यांत आपली आपण बरी होते, माळ असो वा नसो.

दोन वर्षांनी कावीळ पुन्हा आली. या खेपेला पायांवर सूज होती. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी सलाईन लावले, पाणी उकळून प्या म्हणून सांगितले. घरात 'कावीळ उलटली' असे म्हणू लागले. महिन्याभराने ती याही वेळी उतरली. एकाच मुलाला दोनदा कावीळ का व्हावी, घरात तेच पाणी पिणाऱ्या इतरांना ती का होऊ नये, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मावशीने नाही, डॉक्टरांनी नाही, आणि बारा वर्षांचा स्वतःला शहाणा समजणारा मी, मीही नाही.

तिसऱ्या खेपेला कावीळ आली नाही. बिघडले ते अक्षर. या मुलाचे अक्षर इतके चांगले होते की शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचे काम त्याच्याकडे असे. सहावीत ते वेडेवाकडे होऊ लागले. आधी ओळ सोडून जाई, मग अक्षरे बारीक होत गेली, मग हात थरथरू लागला. बोलताना जीभ अडखळे, तोंडाच्या कडेने लाळ गळे. मुले हसत. वर्गशिक्षकांना वाटले, पोरगा मुद्दाम करतो. त्यांनी बोटांवर पट्टी मारली. घरी वाटले, काही बाहेरचे आहे. देवऋषी झाला, नवस झाला. असे आठ महिने गेले.

अखेर माझ्या आईने हट्ट धरून त्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. मला कन्नड येते म्हणून मीही बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरांनी प्रथम दोनच गोष्टी विचारल्या. याला पूर्वी कावीळ झाली होती का, आणि किती वेळा? आणि याच्या मागच्या वर्षीच्या वह्या आहेत का? दुसऱ्या दिवशी आम्ही वह्यांची पिशवी घेऊन गेलो. त्यांनी पाचवीची आणि सहावीची वही शेजारी शेजारी उघडून ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्याला डोळ्यांच्या विभागात पाठवले. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राखाली पाहिले तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या कडेला तपकिरी-सोनेरी कडे दिसले. ते कडे तांब्याचे होते.

या आजाराला विल्सनचा आजार म्हणतात. लंडनमधील डॉक्टर किनिअर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. मेंदूचा एक भाग झिजत जातो आणि त्याच रुग्णाचे यकृतही निबर झालेले असते, असे त्यांना आढळले. एकाच घरातल्या भावंडांना तो होतो हेही त्यांनी नोंदवले. पण याच्या मुळाशी तांबे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. डोळ्यांतले कडे कायझर आणि फ्लायशर या दोघांनी १९०२ आणि १९०३ साली पाहिले होते. मेंदू, यकृत आणि डोळा यांचा एकमेकांशी संबंध जुळायला पुढे कित्येक वर्षे लागली. एकेकाने आपापले पान वाचले, पण सबंध वही एकत्र वाचायला वेळ लागला, असेच म्हणायचे.

माझ्या भाषेत सांगायचे तर हा जमाखर्चाचा आजार आहे. आपण रोज अन्नातून थोडेसे तांबे पोटात घेतो. ते शरीराला लागतेही. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. या खर्चाचे काम करणारे एक प्रथिन असते आणि ते कसे बनवायचे याचा आराखडा एटीपी७बी नावाच्या जनुकात असतो. हे जनुक १९९३ साली सापडले. आईकडून आणि बापाकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, की खर्चाचे दार बंद होते. जमा चालूच राहते. वर्षानुवर्षे यकृतात तांबे साठते. यकृत भरले की ते रक्तात सांडते, आणि मग मेंदूत व डोळ्यांत जाऊन बसते. म्हणून मुलांमध्ये बहुधा आधी यकृत बोलते, साधारण पाच वर्षांच्या पुढे; आणि हात, जीभ, चाल व स्वभाव यांचा बिघाड बहुधा दहा-बारा वर्षांनंतर दिसू लागतो. आमच्या घरी ही दोन्ही पत्रे आली होती. पहिले आम्ही दोनदा न वाचता परत पाठवले.

आता निदानाकडे येतो, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. हा आजार एका तपासणीने ठरत नाही. तांबे वाहून नेणारे सेरुलोप्लाझ्मिन नावाचे प्रथिन रक्तात मोजतात. ते सर्वसाधारणपणे शंभर मिलिलिटरमध्ये २० ते ४० मिलिग्रॅम असते आणि या आजारात ते बहुधा कमी असते. पण जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते निरोगी बाळातही कमीच असते. कुपोषणात कमी होते, आणि शरीरात दाह असला तर खोटे वाढून जवळजवळ नेहमीसारखे दिसते. डोळ्यांतले कडे मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेक रुग्णांत सापडते. पण केवळ यकृताचा त्रास असलेल्या मुलांत पुष्कळदा ते नसतेच. 'डोळे स्वच्छ आहेत, म्हणजे हा आजार नाही' असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे. चोवीस तासांच्या लघवीतले तांबे मोजतात. लक्षणे असलेल्या रुग्णात ते दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाते आणि मुलांमध्ये ४० च्या वर गेले तरी संशय घ्यावा लागतो. शंका उरली तर यकृताचा बारीकसा तुकडा काढून त्यातले तांबे मोजतात. आणि आता जनुकाची तपासणीही करता येते.

या सर्वांची बेरीज करण्याची एक पद्धत २००१ साली लाइपझिग येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरली. कड्याला २ गुण, सेरुलोप्लाझ्मिन कमी असेल तर किती कमी त्यानुसार १ किंवा २, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आढळल्या तर ४, असे गुण मांडायचे. बेरीज ४ किंवा अधिक झाली की निदान पक्के. ३ झाली तर आणखी तपासायचे. ही पद्धत डॉक्टरांनी समजावली तेव्हा मला आमचे हिशेबाचे सर आठवले. एका पावतीवर खाते बंद करू नका, सगळी पाने जुळवा, असे ते नेहमी सांगतात.

या तपासण्यांत आमच्याकडून झालेल्या दोन चुका इथे मुद्दाम नोंदवतो. लघवी गोळा करण्यासाठी प्रयोगशाळेने प्लास्टिकचा एक कॅन दिला होता. मावशी स्वच्छतेची मोठी. तिने तो घरी नेऊन आधी खळखळून धुतला, तोही तांब्याच्या हंड्यातल्या पाण्याने. तिचे बिचारीचे काय चुकले? पाण्याचा हंडा तांब्याचाच असतो. सुदैवाने तिने ते सहज बोलून दाखवले. डॉक्टर कपाळाला हात लावून हसले आणि नवा कॅन देऊन सगळे पुन्हा करायला लावले. दुसरी चूक अधिक गंभीर होती. अहवालात 'रक्तातील एकूण तांबे : कमी' असे छापून आले होते. ते तसेच येते, कारण तांबे वाहणारे प्रथिनच कमी असते. साठा मात्र यकृतात आणि मेंदूत असतो. आमच्या एका शिकलेल्या शेजाऱ्यांनी तो कागद वाचला आणि मुलाला रोज रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी पाजण्याचा सल्ला दिला. तीन दिवस ते पाजलेही. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायल्याने विल्सनचा आजार होत नाही, हे खरे. पण ज्याच्या घरातून तांबे बाहेर पडायचे दारच बंद आहे, त्याला ते पाजणे म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी घागर ओतणे होय. अर्धवट वाचलेला अहवाल न वाचलेल्यापेक्षा वाईट.

निदान झाल्यावर आम्हाला वाटले, एकदाचा रोग सापडला, आता औषध. तेव्हा डॉक्टर मावशीकडे वळून म्हणाले, "अक्का, हुडुगीनू कर्कोंड बर्री." मुलीलाही घेऊन या. मुलाची धाकटी बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेच्या खो-खोच्या संघात होती, तिला कधी साधी कावीळही झाली नव्हती. आईबाप दोघेही बिघडलेल्या प्रतीचे वाहक असले, तर प्रत्येक भावंडाला आजार असण्याची शक्यता चारांत एक असते. ती प्रकृती पाहून ठरत नाही.

इथे घर अडले. काका म्हणाले, "पोरगी ठणठणीत आहे की. उगीच रक्त काढून शिक्का कशाला मारून घ्यायचा? उद्या लग्नाच्या वेळी कोण विचारणार तिला?" माझी आई रागावली, मावशी रडली, आणि पाच महिने काहीही झाले नाही. हे पाच महिने माझ्या मनातून जात नाहीत. मुलाच्या उपचारासाठी याच काकांनी शेतातली दोन झाडे विकली होती. मुलीवर माया नव्हती असेही नाही. रोज संध्याकाळी तिला शेंगदाण्याची चिक्की आणणारा हाच माणूस. पण मुलाचा आजार दिसत होता आणि मुलीचा दिसत नव्हता. जो दिसत नाही त्याच्यासाठी घराची अब्रू पणाला कोण लावणार?

शेवटी आजीने निकाल दिला. ती म्हणाली, "एकाची लाळ मी पुसतेय. दुसरीची पुसायला माझ्या हातात बळ नाही. न्या तिला."

मुलीचे सेरुलोप्लाझ्मिन निघाले १३. ते कमी होते, पण नुसत्या वाहकाचेही कधी कधी इतके कमी असू शकते. डोळ्यांत कडे नव्हते. यकृताचे आकडे किंचित वाढलेले होते. म्हणून जनुकाची तपासणी केली. भावात जो बिघाड होता तोच तिच्याही दोन्ही प्रतींत होता. खो-खो खेळणाऱ्या त्या मुलीच्या यकृतात नऊ वर्षे तांबे जमा होत होते आणि तिला एका दिवसाचाही त्रास झाला नव्हता.

आज ती तेरा वर्षांची आहे. ती जस्ताच्या गोळ्या घेते. जस्तामुळे आतडे तांबे आत घेईनासे होते. चिक्की, चॉकलेट यांना फाटा दिला आहे. बाकी तिच्यात आणि तिच्या वर्गातल्या इतर मुलींत काही फरक नाही. भाऊ सोळा वर्षांचा झाला. तो पेनिसिलामाइन घेतो, सोबत ब-६ जीवनसत्त्व. हे औषध जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांनी १९५६ साली पुढे आणले. रुग्णाला देण्याआधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले होते. त्यापूर्वी या आजारावर सोसवेल असे औषध नव्हते. भावाची लाळ थांबली, चाल सुधारली. सुरुवातीचे काही आठवडे हाताचा कंप उलट वाढला होता. तसे होऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते म्हणून आम्ही औषध सोडले नाही. पण अक्षर पूर्ण परत आले नाही. दहावीचे पेपर त्याने लेखनिक घेऊन दिले. भावंडे एकाच आईबापाची, आजार एकच, जनुकातला बिघाडही तोच. फरक फक्त निदान कोणत्या दिवशी झाले याचा. यापेक्षा स्पष्ट पुरावा मला कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

माझे मत असे आहे, की या आजाराचे निदान मुलाचे नसते, घराचे असते. एका मुलाच्या कागदावर रोगाचे नाव लिहून फाइल बंद करणे म्हणजे अर्धा ताळेबंद लिहून सही करणे होय. भावंडांची तपासणी ही डॉक्टरांची सूचना किंवा घरच्यांची मर्जी म्हणून सोडता कामा नये. ती त्याच निदानाचा उरलेला भाग आहे.

आता नात्यांतल्या लग्नांविषयी बोलतो, कारण ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझी मावशी आणि काका हे मामेबहीण-आतेभाऊ. आपल्या भागात मामाची मुलगी करणे ही हौसेची आणि हक्काची गोष्ट मानतात. आमच्या कन्नड मित्रांच्या घरांत तर सख्ख्या मामाशीही लग्न होते. या चालीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तिच्यामागे जमिनीची, आधाराची, मुलगी ओळखीच्या घरात पडण्याची कारणे आहेत. पण गणित मांडायला हरकत नाही. हा आजार ढोबळमानाने तीस हजारांत एकाला होतो असे पाठ्यपुस्तके सांगतात. त्यावरून ९० माणसांत साधारण एक जण वाहक निघतो. दोन परकी माणसे लग्न करतात तेव्हा दोघेही वाहक असण्याची आणि मूल आजारी निपजण्याची शक्यता होते १/९० गुणिले १/९० गुणिले १/४, म्हणजे ३२,४०० त एक. मामे-आते भावंडांत एक जण वाहक असेल तर दुसराही त्याच बिघाडाचा वाहक असण्याची शक्यता १/८ असते. तेव्हा १/९० गुणिले १/८ गुणिले १/४, म्हणजे २,८८० त एक. अकरा पट. तरीही २,८७९ मुले या आजारातून सुटतात, हेही त्याच गणितात आहे. म्हणून 'नात्यातले लग्न, म्हणजे शाप' असे म्हणणारे जितके चुकतात, तितकेच 'आमच्या सात पिढ्यांत काही झाले नाही' म्हणणारेही चुकतात. वाहकाला काही होत नाही. म्हणूनच सात पिढ्यांना कळत नाही. माझी आई वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे आणि माझी पाव. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

भारतात या आजाराची नोंद नवी नाही. मुंबईचे दस्तूर, मंघानी आणि वाडिया यांनी १९६८ सालीच सोळा भारतीय कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनीही कुटुंबे मोजली, हे ध्यानात घ्यावे. आपल्याच राज्यात बेंगळूरूच्या निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांनी तीन दशकांत पाहिलेल्या २८२ रुग्णांचा वृत्तांत २००७ साली छापला. म्हणजे ज्ञान दूर कुठे विलायतेत नाही, रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर आहे. ते खानापूरच्या खेड्यातल्या वर्गापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

ज्ञान पोहोचले की काय होते याचे उदाहरणही आपल्याच भाषेच्या मुलखात आहे. पूर्वी एक ते तीन वर्षांची मुले यकृत निबर होऊन दगावत. त्याला भारतीय बालयकृतरोग म्हणत. पुण्यातील डॉक्टर शीला भावे, आनंद पंडित आणि त्यांचे इंग्रज सहकारी टॅनर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की या बाळांना फार लवकर वरचे दूध दिले जाई, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापवलेले व साठवलेले असे. तिथेही गुन्हेगार तांबेच. पण ते बाहेरून, भांड्यातून येत होते. आयांना सांगितले, भांडी बदलली, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघर आले, आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. विल्सनच्या आजारात भांडे बदलून भागत नाही, कारण बिघाड आत आहे. तो टाळता येत नाही, पण वेळेवर शोधता येतो. आणि शोधला तर औषधाने ताब्यात राहणाऱ्या फार थोड्या आनुवंशिक आजारांपैकी तो एक आहे. म्हणूनच तो न शोधण्याला क्षमा नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की दर कावीळ झालेल्या मुलाचे तांबे मोजत बसलो तर दवाखाने चालणार नाहीत. मान्य. तसे कोणी मागतही नाही. पण जी कावीळ पुन्हा येते, जी लांबते, जिच्यात विषाणू सापडत नाही, जिच्याबरोबर पायांना सूज, पोटात पाणी किंवा रक्त फुटून अचानक आलेला पांढुरकेपणा असतो, तिथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. काही मुलांचे यकृत पहिल्याच फेरीत बंद पडते आणि मग यकृत-प्रत्यारोपणावाचून मार्ग उरत नाही. अशा वेळी आठवडे हातात नसतात. दुसरा आक्षेप काकांचा : धडधाकट पोरीवर शिक्का का मारायचा? याला उत्तर एवढेच, की शिक्का जन्मतःच मारलेला असतो. तपासणीने तो फक्त वाचता येतो. न वाचल्याने तो पुसला जात नाही. आणि पुढे हात थरथरू लागल्यावर तो सगळ्या गावाला वाचता येतो.

शेवटी तीन मागण्या मांडतो. डॉक्टरांनी कावीळ झालेल्या मुलाच्या आईला 'याआधी कधी?' आणि 'घरात आणखी कोणाला?' हे दोन प्रश्न विचारावेत. त्याला पैसा लागत नाही. शिक्षकांनी बिघडलेल्या अक्षराला पट्टी मारण्यापूर्वी मागच्या वर्षीची वही उघडून पाहावी. आळशी मुलाचे अक्षर आधीपासून वाईट असते. चांगले असलेले अक्षर महिन्या-महिन्याने बिघडत गेले, तर ते दप्तरातून आलेले वैद्यकीय पत्र समजावे. आपल्या महाविद्यालयातून पुष्कळ जण पुढे शिक्षक होतात, म्हणून हे इथे लिहितो. तिसरी मागणी घरांकडे. औषध आयुष्यभराचे आहे. बरे वाटले म्हणून ते सोडू नका. वर्षानुवर्षे चांगले राहिलेले रुग्ण औषध सोडल्यावर दगावल्याचे वॉल्श आणि डिक्सन यांनी १९८६ सालीच लिहून ठेवले आहे. आणि एका लेकराचे निदान झाले की त्याच आठवड्यात बाकीच्यांना घेऊन जा. आधी मुलीला.

गेल्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. अंगणात रांगोळी घालणे चालले होते. बहीण ठिपके काढत होती, भाऊ रेघा जोडत होता. त्याच्या रेघा अजून थोड्या कापतात. मध्येच तो थांबला की ती काही न बोलता त्याचा हात धरून रेघ पुढे नेई. माजघरात दोघांच्या गोळ्यांच्या डब्या देवाजवळच्या कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. काकांनी स्वतः त्यांवर नावे लिहिली आहेत. तांब्याचा हंडा माळ्यावर गेला आहे. मावशीने तो विकला नाही, पण खालीही काढत नाही.